कार्पेटचं गोदाम आणि आईचे आलूबोंडे

कौन्सिलच्या सल्लागार मंडळावर माझी निवड झाली, असं मी नागपूरला फोनवर सांगितलं होतं. तिकडे पेढे वाटले गेले म्हणे. खरं तर निवड वगैरे काही नव्हती. मिडलंड्समधलं आमचं शहर, कॉव्हेंट्रीहून बसने येण्याइतकं जवळ. तिथल्या लायब्ररीच्या दारावर एक कागद लागला होता: पोलिसांच्या कामाबद्दल रहिवाशांचं म्हणणं ऐकायला मंडळ नेमायचं आहे, इच्छुकांनी आत यावं. बाहेर पाऊस होता, आत बिस्किटं दिसत होती. मी इच्छुक झालो.

हे नव्या शतकाच्या सुरुवातीचं. मी गिअरबॉक्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार मिळायचा, त्यामुळे सल्ला द्यायला लागणारा सगळा आत्मविश्वास माझ्याकडे होता. मंडळात आम्ही सातआठ जण. समोर एक पोलीस सार्जंट, सभेचे मिनिट्स लिहिणारी एक मुलगी, आणि कौन्सिलतर्फे आलेला एक उंच, म्हातारा कौन्सिलर. त्याच्या कानात मशीन होतं. तो हात बांधून, डोळे मिटून बसायचा. मला खात्री होती की तो मशीन बंद करून झोपतो.

माझी तक्रार दर वेळी एकच. आमच्या रस्त्याच्या टोकाला, रेल्वेच्या पुलाजवळ, एक कार्पेटचं गोदाम बंद पडलं होतं. काचा फुटलेल्या, दाराशी बिअरचे कॅन, आणि अंधार पडला की टोळकं. तिथे एक पोलीस फिरवा, एवढंच मी मागायचो. मग सार्जंट स्टाफिंग समजावून सांगायचा. एवढे मंजूर, त्यातले इतके भरलेले, त्यातले काही आजारी, काही कोर्टात, काही ट्रेनिंगला. नवे कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर, म्हणजे गस्त घालणारे पोलिसांचे मदतनीस, येणार आहेत, पण ते अर्धा खर्च कौन्सिल देणार की नाही यावर अडलंय. हे ऐकताना मला मोठी गंमत वाटायची. कागदावर भरपूर असलेला माणूस रस्त्यावर येईपर्यंत कुठे कुठे गळतो, हे आमच्या कारखान्यात गिअरचं व्हायचं तसंच होतं. शेवटी उंच कौन्सिलर एक डोळा उघडून म्हणायचा, "नोटेड." मिनिट्सवाली मुलगी तेच लिहायची.

"म्हणजे काय झालं?" घरी आल्यावर बायको विचारायची.

"नोंद घेतली."

"अहो, म्हणजे काही झालं नाही असं म्हणा ना सरळ."

बायको हॉस्पिटलमध्ये नर्स. तिच्याकडे गोष्टी एक तर होतात किंवा होत नाहीत.

आता आईबद्दल. वडील गेल्यावर आम्ही तिला नागपूरहून इकडे आणलं. तिकडे विहार गल्लीच्या टोकाला. संध्याकाळी चप्पल पायात सरकवली की ती पोचलेली असायची. बायकांची वंदना तीच घ्यायची, चाव्या तिच्याच कमरेला. इथे आमची वीसेक कुटुंबं. रविवारची वंदना पाळीपाळीने कोणाच्या तरी फ्रंट रूममध्ये. सोफे भिंतीला लावायचे, टीव्हीवर चादर टाकायची, त्यापुढे बुद्धांची मूर्ती. पण घरं शहराच्या चार टोकांना, आणि रविवारी बसचा भरवसा नाही. म्हणजे आईला कोणीतरी न्यायला हवं. माझी शिफ्ट, बायकोची शिफ्ट, मुलीची परीक्षा. आई दुपारपासूनच कोट घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. तोंडाने म्हणायची नाही, "ने." फक्त बसायची. आणि कोणालाच जमणार नाही असं दिसलं, की म्हणायची, "आज डोकंच दुखून राहिलं बाप्पा, नाही जात." कोट काढून टांगायची. पुढे पुढे हे डोकं शनिवारपासूनच दुखायला लागलं, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

आणि मग बातमी आली की आमच्या मंडळींना कायमची जागा भाड्याने मिळतेय. कुठे? तर तेच कार्पेटचं गोदाम. इतकी वर्षं मी ज्याच्या नावाने शंख करत होतो, ते.

आई त्याच संध्याकाळी बघायला गेली. परत आली ती घाम पुसत, पण डोळे चमकत होते. "रस्ता ओलांडावाच लागत नाही," ती म्हणाली. "फुटपाथ धरला की सरळ. कोणाला म्हणायचं काम नाही, ने म्हणून."

बस, एवढंच होतं. वंदना कुठेही झाली असती. आईला स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी एक जागा हवी होती, आणि तशी जागा अख्ख्या इंग्लंडमध्ये हीच होती.

अडचण नकाशाची. कौन्सिलच्या नकाशात आमचा रस्ता एका रंगात, आणि पुलाजवळचा तुकडा दुसऱ्या रंगात. तो रंग गोदामं-कारखान्यांचा. तिथे कार्पेट ठेवायला चालतं, पण माणसांनी एकत्र बसून डोळे मिटायचे असतील तर परवानगी लागते. त्याला म्हणतात चेंज ऑफ यूज. मला हे फार नवलाचं वाटलं. भिंती त्याच, छप्पर तेच, आणि आत काय चाललंय यावरून खालच्या जमिनीचा रंग बदलायचा! मी नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि घरच्यांना झोनिंग समजावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे आवडतंय, हो ना? इट्स लाइक युअर क्रिकेट."

घरमालकाने सांगून ठेवलं होतं, की गाद्यांचा एक व्यापारी जागा मागतोय. प्लॅनिंग कमिटीच्या येत्या मीटिंगला हो झालं तर तुमची, नाही तर उद्याच त्याची. शेजाऱ्यांचे आक्षेप होतेच. गाड्या कुठे लावणार, घंटा वाजवणार का, रात्री किती वाजेपर्यंत. एकाने लिहिलं होतं, त्या कोपऱ्यावर आधीच गुंड बसतात, पोलीस येत नाहीत, त्यात ही गर्दी. हा आक्षेप मी दोनदा वाचला. हे वाक्य मी स्वतः मंडळात दर वेळी जवळजवळ असंच म्हटलं होतं.

मीटिंगच्या आधी कमिटी जागा बघायला येणार होती. कौन्सिलच्या प्लॅनिंग ऑफिसर बाईंचा मला फोन आला. दार उघडायला तुम्ही थांबा, पण सभासदांशी केसबद्दल एक शब्द बोलू नका. त्यांनी फक्त बघायचं असतं. मी सल्लागार मंडळाचा माणूस, मला हे काय सांगता, अशा सुरात मी "ऑफ कोर्स" म्हटलं. घरीही सगळ्यांना बजावलं, "कोणी बोलायचं नाही."

त्या सकाळी तेलाच्या वासाने जाग आली. आई पहाटेपासून आलूबोंडे तळत होती. मला वाटलं, गोदाम झाडायला येणाऱ्या आमच्या पोरांसाठी असतील. मी दोन खाल्लेही.

कमिटी मिनीबसमधून उतरली. बारीक पाऊस, बोचरं वारं, सगळ्यांच्या अंगावर कौन्सिलची पिवळी जाकिटं. सगळ्यात पुढे कोण, तर आमचा डोळे मिटणारा उंच म्हातारा. तो प्लॅनिंग कमिटीचा चेअरमन आहे हे मला तेव्हा कळलं. मी ओळखीचं हसलो. तो माझ्याकडे दाराकडे बघावं तसं बघून आत गेला. ती मंडळी फुटक्या काचा, छप्पर, पार्किंगची जागा बघत फिरू लागली. मी ओठ शिवून दारात उभा. आणि मागून स्टीलचा डबा घेऊन आई आली.

मी थोपवायच्या आत ती चेअरमनसमोर पोचली होती. झाकण उघडलं. थंडीत त्याच्या तोंडासमोर वाफ उठली. ती काही बोलली नाही. फक्त डबा पुढे धरला आणि मान हलवली, घ्या. म्हाताऱ्याने डब्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले. "नो, थँक यू, मॅडम. आय अॅम नॉट एबल टु." बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून आपापले हात खिशात घातले. डबा रांगेने पुढे सरकत होता आणि माणसं छताचं निरीक्षण करत होती. शेवटी एक गोल चेहऱ्याची, गारठून नाक लाल झालेली कौन्सिलर बाई. तिने "ओह, लव्हली!" म्हटलं आणि एक उचलला. तो संपायच्या आत दुसरा. मग विचारलं, यात पिवळं कशाने येतं? आईने हातवारे करून हळद सांगितली. ऑफिसर बाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या मिनीबसमध्ये बसेपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"अगं, मी बोलू नका म्हटलं होतं ना!" मी.

"मी कुठं बोलून राहिली होती? मी तर खायला देऊन राहिली होती."

"तेही चालत नाही."

"मंग तसं सांगाचं ना. बोलाचं नाही म्हणाला, खाऊ घालाचं नाही असं कुठं म्हणाला?" आईने डब्याचं झाकण दाबून लावलं. "घरी माणसं आली, थंडीचे कुडकुडून राहिले, अन् आपण नुसतं पाहाचं? असं तर मी दुश्मनालाही नाही केलं."

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आजी, दॅट्स लाइक अ ब्राइब."

"काय म्हणते ही?"

"लाच म्हणतेय," बायकोने सांगितलं.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "आलूबोंड्याची लाच! असं असतं तर नागपुरात माझे किती कामं झाले असते." मग गंभीर होऊन तिने मतांचा हिशेब मांडला. ती लाल नाकवाली आपली. तो उंच खडूस म्हातारा समोरच्या पार्टीचा. बाकीचे त्याच्या भीतीने हात खिशात घालणारे, त्यांचं सांगता येत नाही. तिच्या हिशेबात मला चूक सापडेना, आणि खोट काढणं हा तर माझा धंदा.

मीटिंगला आम्ही सगळे गेलो. टाउन हॉलमधली ती खोली मी डोळे भरून बघितली. घोड्याच्या नालासारखं टेबल, प्रत्येकापुढे मायक्रोफोन, बोलायला लागलं की त्यावर लाल दिवा. कोणी कोणाशी थेट बोलत नाही. शेजारच्याला काही सांगायचं तरी "थ्रू यू, चेअर" म्हणून चेअरमनकडे बघून सांगायचं. "म्हणजे भांडलेल्या जावांसारखं," बायको कुजबुजली. "पोरांमार्फत बोलतात तसं." आम्ही मागे, पब्लिक गॅलरीत. आई पुढच्या रांगेत, कोट न काढता, मांडीवर पिशवी.

आमच्या बाजूने तीन मिनिटं बोलायची मुभा होती. बायको उभी राहणार होती. घरी सराव मी केला होता, पण अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व सन्माननीय सभासद, अधिकारी आणि उपस्थित बंधुभगिनी यांचे आभार मानेपर्यंतच माझी तीन मिनिटं संपली होती.

पण आमचा विषय पुकारल्याबरोबर ती लाल नाकवाली बाई उभी राहिली. म्हणाली, "चेअर, मला एक जाहीर करायचं आहे. जागा बघायला गेलो तेव्हा मी तिथल्या एका बाईंकडून पाहुणचार घेतला. दोन घेतले. त्यांना काय म्हणतात मला माहीत नाही, पण रेसिपी विचारली. लोकांना वाटू शकेल की माझं मत त्याने बदललं. म्हणून मी बाहेर जाते." तिने फाईल उचलली, आमच्याकडे बघून ओशाळं हसली आणि दार ओढून घेत निघून गेली.

"कुठं चालली ती?" आईने विचारलं.

मी हातातला अजेंडा उलटसुलट करू लागलो.

"अरे, आपलीवाली आहे ना ती? कुठं चालली?"

"आजी," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "तिने तुझे आलूबोंडा खाल्ले. मग तिला व्होट नाही करता येत."

आईने पिशवी घट्ट धरली. आता ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी नागपूरहून निघताना पाहिलेला भाव होता, विहाराच्या चाव्या दुसऱ्या बाईच्या हातात देतानाचा. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "मीच घालवलं."

पुढचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. बायको छान बोलली. शेजारीही बोलले, तेही खोटं बोलत नव्हते. आमच्या लग्नाकार्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मग मतं. हात वर झाले, आणि मी कारखान्यातल्या सवयीने मोजायच्या आतच क्लार्कने सांगितलं: समान. एक मत कमी पडलं, ते बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं होतं. चेअरमनने अजून हात वर केला नव्हता. समान झाल्यावर निकाल त्याच्या मताने.

म्हाताऱ्याने कानातलं मशीन जरा नीट केलं. डोळे मिटले. आई पुटपुटली, "खडूस. आता हा काय देते."

मग डोळे न उघडताच तो बोलायला लागला. "मी पोलिसांच्या सल्लागार मंडळावर बसतो," तो म्हणाला. "तिथे एक गृहस्थ दर वेळी याच गोदामासाठी पोलीस मागतात. दर वेळी मी ऐकतो आणि नोंद घेतो. द्यायला माझ्याकडे पोलीस नाही. सार्जंटकडे नाही. पुढच्या वर्षीही असेल असं मला वाटत नाही. आता काही लोक म्हणतात, आम्ही रोज संध्याकाळी तिथे दिवा लावून बसतो, काचा आमच्या खर्चाने लावतो. पार्किंगचा प्रश्न खरा आहे, त्यासाठी अटी घालू. पण अंधाऱ्या कोपऱ्यावर मी पाठवू शकत नाही ते हे लोक स्वतःहून आणतायत. मी परवानगीच्या बाजूने."

म्हणजे तो झोपत नव्हता. माझं प्रत्येक वाक्य त्या मशीनमधून आत जात होतं! अभिमानाने की शरमेने, माझे कान तापले. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला वाटलं आता ही मला "नोटेड" म्हणणार.

अटींची यादी वाचली गेली. घंटा नाही, रात्री नऊनंतर नाही, सायकलींना स्टँड. आईला मी सांगितलं, "झालं. मिळालं." तिने दोनदा विचारलं, "कोणी दिलं?" मी म्हाताऱ्याकडे बोट केलं. "पण त्याने तर एकही खाल्ला नव्हता," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिचा सगळा हिशेब नव्याने मांडताना मला दिसला.

चहाच्या सुट्टीत चेअरमन बाहेर आला. आई तरातरा पुढे गेली. पिशवीतून तिने स्टीलचा डबा काढला. मी मागून धावलो. आता तर निकाल झाला, तिचं म्हणणं असणार. म्हाताऱ्याने डब्याकडे बघितलं, खिशातून हात काढला, पुन्हा घातला. "मॅडम, अजून चार विषय बाकी आहेत," तो म्हणाला. "आणि माझ्या डॉक्टरने तळलेलं बंद केलंय." मी भाषांतर केलं. आईने झाकण लावलं आणि फार आदराने मान झुकवली. "जयभीम," ती म्हणाली. तोही काहीतरी पुटपुटला. लाल नाकवाली मात्र कोपऱ्यात उभी होती. तिने आता मोकळेपणाने तीन खाल्ले.

काचा बसल्या, भिंती रंगल्या. पहिल्या रविवारी आईने कोट घातला, पण जिन्याच्या पायरीवर बसली नाही. नव्या जागेच्या चाव्या कमरेला लावल्या, चप्पल नव्हे, जाड बूट चढवले, आणि "जाऊन राहिली रे," म्हणून दार ओढून घेतलं. मी दोन मिनिटं थांबलो. बाहेर अंधारायला लागलं होतं, फुटपाथ ओला होता. तिने म्हटलं नव्हतं, तरी मी गाडी काढली आणि तिच्या मागे मागे, चालण्याच्या वेगाने, फुटपाथच्या कडेने चालवू लागलो.

तिने एकदा मागे बघितलं. "काऊन मागे मागे येऊन राहिला?" ओरडली. "घरी जा!"

मी तरी येतच होतो. पुलाजवळ कोणीतरी काचेवर टकटक केलं. निळ्या जाकिटातला एक तरुण. नवा कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर. कौन्सिलने शेवटी अर्धा खर्च मान्य केला होता म्हणायचं. इतकी वर्षं त्या कोपऱ्यावर मी मागितलेला पोलीस मला मिळाला होता.

"सर," तो फार नम्रपणे म्हणाला, "तुम्ही त्या बाईंच्या मागे मागे जाताय असं दिसतंय. त्यांना तुम्ही ओळखता का?"

"माझी आई आहे."

त्याने तिला हाक मारून विचारलं, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का. आई थांबली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तिला येत असलेल्या इंग्रजीतली बरीचशी एका दमात खर्च केली. "माय सन. गुड बॉय. यू सेंड होम."

"सर," तो म्हणाला, "बहुतेक तुम्ही घरी जावं."

मी गाडी वळवली. आरशात ती दिसत होती. दाराशी पोचली, कमरेच्या चाव्यांमधली एक निवडली, पहिली लागली नाही, दुसरी लागली. मग आतला दिवा लागला, आणि तो तरुण दारावरच्या उजेडात थोडा वेळ उभा राहून पुढे निघून गेला.